बिनडिस्कचा डबा

"हॅलो? … हॅलो? … हो, बोल न सरे, येऊन राहिला आवाज. … नाही व, झोपली नव्हती. बसली होती अशीच."

प्रतिक्षा खरंच नुसती बसली होती. सानगडीतल्या घराची समोरची खोली, एक बंद टीव्ही, त्याच्यापुढे प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि त्यातल्या एकीवर ती. भाऊ येऊन बोलून गेला तेव्हापासून ती जागची हललीच नव्हती. फोनवर सरिताचं नाव उमटलं तशी तिला एक वेडी आशा वाटली. सांगायलाच केला असेल फोन. उशिरा का होईना, आपल्या तोंडाने सांगेल.

"आई ना? बरी आहे. मागं लाखोरीची भाजी खुडून राहिली. … हो, पाठवते न तुले, धम्मदीप तिकडं आला का. … नाही, आजच येऊन गेला साकोलीले. … हो न, सकाळी. मोटरचं सामान आणाचं होतं त्याले."

एवढं बोलून ती मुद्दाम थांबली. भाऊ साकोलीला येऊन गेला म्हटल्यावर सरिताला उमगायला हवं होतं की त्याने काय पाहिलं असेल. मग सरिता हसली आणि भरभर बोलायला लागली.

"काय? … मशीन? … कोणाचं मशीन?"

"शेजारच्या पोराचं का? … बरं. … गेमचंच न? … डिस्क अडकली अंदर. … अस्सं. … नाव काय म्हणली त्या पोराचं?"

नाव यायला वेळ लागला.

"नाही व, असंच विचारलं."

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीपासून एका बाकावर बसलेली मैत्रीण खोटं कसं बोलते, हे प्रतिक्षाला ठाऊक होतं. सरिता खोटं बोलताना वाक्य पळवायची आणि शेवटी उगीच हसायची. मास्तरांसमोर हसायची, आईसमोर हसायची. प्रतिक्षासमोर मात्र आजवर कधी हसली नव्हती.

धम्मदीपने दुपारी आल्या आल्या सांगितलं होतं. सरिताचा नवरा विनोद, त्याचं साकोलीत मोबाईलचं दुकान. त्या दुकानाच्या वर त्याने मोठा हॉल काढलाय. चार मोठाले टीव्ही, चार नवी मशीनं, गादीच्या खुर्च्या, बाहेर 'गेम झोन' अशी पाटी, आणि तासाचा भाव सानगडीच्या निम्मा. "भिंतीले फळी आहे न, तिच्यावर तुह्याच डिस्का दिसल्या मले," असं म्हणून तो हातपाय धुवायला गेला होता. प्रतिक्षा त्याच्यावरच उखडली. डिस्का काय, सगळ्या सारख्याच दिसतात. सरिता असं करणार नाही. तुला पहिल्यापासूनच ती पाहावत नाही. भाऊ बिचारा टॉवेल खांद्यावर टाकून गप उभा राहिला, आणि त्याच्या त्या गप्प राहण्यानेच ती हबकून गेली.

"हो, हो… अव ऐक ना. डिस्कवालं मशीन आहे न ते? … नाही म्हणजे, मले तं भाऊजी म्हणले होते का डिस्कवाले आता येतच नाही. बंद झाले म्हणे. … जुनं असन? … नवं आहे? … मंग?"

पलीकडून पुन्हा तेच भरभर बोलणं. प्रतिक्षाने डोळे मिटून घेतले. हा दुसरा दरवाजा तिने उघडून धरला होता. सरिता त्याच्यासमोरून निघून गेली.

"बरं जाऊ दे. सांगते. पहिले मशीन पूर्ण बंद कर. … नाही, रिमोटवरून नाही, बटनावरून. … झालं? वायर काढ आता. … मागून नाही व, भिंतीतून. … थोडं थांब."

त्या थांबण्यात पलीकडचे आवाज स्पष्ट आले. पोरांचा गलका, कोणाच्या तरी गोलावर आरोळी, आणि विनोदचा ओळखीचा आवाज, "ए, खुर्चीवर पाय नको रे."

"कोण ओरडून राहिले एवढे? … शेजारचे पोरं. बरेच आहेत व तुह्याकडं शेजारचे. … नाही, काही नाही म्हटलं. वायर लाव आता. चालू कर, न बाकीचं काही सुरू व्हायच्या आधी डिस्क काढाचं बटन दाबून धर. सोडू नोको. … कुरकुर वाजन. वाजू दे. … धरून ठेव. … आली?"

आली.

"पुस जरा. फडक्यानं नाही, ओढणीनं पुस, मऊ असते. … सरे, ऐक. चित्राकडून पाहा. मधात भोक असते न, त्याच्याजवळ. … पाहा तं खरं. … काय आहे तिथं?"

सरिताची वाट न पाहता प्रतिक्षानेच सांगून टाकलं.

"लाल टिपका आहे न? नेलपॉलिशचा."

तो टिपका सरितानेच लावलेला होता. दोघी कॉलेजातून निघाल्या, कुठे नोकरी लागेना, आणि सरितानेच एके दिवशी म्हटलं होतं की तुझ्या समोरच्या खोलीत आपण गेम लावू. नागपूरला सीताबर्डीवर जाऊन दोघींनी एक जुनं मशीन आणलं. जुन्या डिस्का हिंडून हिंडून गोळा केल्या, घासाघीस करून. गावातली पोरं त्या बदलून पळवतील म्हणून सरिताने प्रत्येकीवर आपल्या बाटलीतला लाल टिपका टेकवला होता, फुंकर घालून वाळवला होता. पुढे तिचं लग्न झालं, ती साकोलीला गेली. खोली प्रतिक्षाने एकटीने चालवली. शाळा सुटल्यावरचा वेळ तिने फक्त पोरींचा ठेवला, आणि आधी नाकं मुरडणाऱ्या आयाच पुढे पोरींना आणून सोडू लागल्या.

"बोल न. … नाही, रागावली नाही. बोल तू."

"हो. … हो. … भाऊजीनं केलं. … तुले मागाहून समजलं. … बरं. … हो व, समजते मले. नवऱ्यापुढं काय बोलाचं. …"

ती हे म्हणाली, आणि तिला स्वतःलाच जाणवलं की आपण हे धरून ठेवायला पाहतोय. विनोदने केलं. विनोद तसा आहेच. सरिता बिचारी मध्ये सापडली. असं असेल तर अजून काही बिघडलेलं नाही.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत जुनं मशीन तापून बंद पडायला लागलं होतं. सरितानेच तिला दुकानात बोलावलं. विनोदने पांढराशुभ्र नवा, डिस्क न लागणारा डबा समोर ठेवला. डिस्कवाले आता येतच नाहीत म्हणाला, आणि हा त्यांच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त, वरून घरचं माणूस म्हणून सूट. जुनं मशीन आणि त्या सगळ्या डिस्का बदल्यात दे, नाहीतरी आता कचराच तो, असंही तो म्हणाला. प्रतिक्षाने सरिताकडे पाहिलं. सरिता म्हणाली, घेऊन टाक. तिने घेऊन टाकलं.

"अव, डबा स्वस्त काहून असते, हे तं मीच सांगतलं होतं तुले! … आठव न. तलावाच्या पारीवर बसलो होतो आपण, शिंगाडे खात. … हो, तेच. दोन कंपन्यायची मारामारी. एकीनं डबा स्वस्त केला का दुसरी बी करते. बनवाले जेवढा लागते तेवढा बी निघत नाही कधी कधी. मंग त्या जगतात कशावर? … खेळावर. माणूस एकदा डबा घरी घेऊन गेला का तो बांधला गेला. मंग एकेका खेळातून काढतात."

"हो… हो, पण आपण नव्हतो न बांधलेलो! आपल्याजवळ डिस्का होत्या. जुनी घ्या, पोरं कंटाळले का नागपूरले जाऊन बदलून आणा. कंपनीले त्याच्यातून एक छदाम नाही. म्हणून तं खोली चालत होती, सरे. … न ज्याले डिस्कच लागत नाही त्याले खेळ कुठून आणाचा? कंपनीच्याच दुकानातून. ऑनलाइन. ते सांगन तो भाव. न घेतला तं ना विकता येते, ना बदलता येते. … नाही, माह्या डब्याले डिस्क टाकाचा भाग मागून बी जोडता येत नाही. विचारून पाहिलं मी."

सानगडीच्या टॉवरवर एक खेळ उतरवायचा म्हणजे रात्रंदिवस मशीन चालू ठेवायचं, आणि मध्येच लाईन गेली की जीव टांगणीला. वर्षभरात तिला मोजकेच खेळ घेता आले. कॉलेजची पोरं कंटाळून यायची थांबली. प्रतिक्षाला वाटलं, जमानाच बदलला, सगळीकडे असंच झालं असेल. दर महिन्याला ती सरिताशी हेच बोलायची. सरिता 'हो न' म्हणायची.

"मी तुले हेच शिकवत होती, न मीच त्याच्यात फसली. पाय घसरून नाही फसली मी. डबा पाहूनच माह्या मनात पाल चुकचुकली होती. … मंग घेतला काहून? … तू बाजूले उभी होती म्हणून घेतला."

मागच्या दारातून आईने, विमलाबाईंनी, हाक मारली, कोणाचा फोन आहे. प्रतिक्षाने फोन बाजूला धरला.

"सरिताचा आहे व माय. … हो, सांगते."

"…आई विचारते, सरिता पोर बरी आहे का. … बरी आहे म्हणून सांगू? … बरं."

आईला तिने काहीच सांगितलं नाही. विमलाबाई भाजीच्या टोपलीशी परत गेल्या. सरिताच्या लग्नात तिच्या आईच्या बरोबरीने त्याच रडल्या होत्या.

"न तुह्या इथं अर्धा भाव लावला म्हणे. … धम्मदीपनं पाहिलं. हो, सगळंच पाहिलं त्यानं. … चार टीव्ही, चार मशीनं, वर कूलर. एवढ्या भावात लाईटचं बिल तरी निघते का? … नाही निघत न? मंग कायले ठेवला? … पोरायसाठी? … सरे, माह्याशी तरी असं नको बोलू. सानगडीहून साकोलीले बस किती वेळाची आहे? कॉलेजचे पोरं रोज जातातच. इथली खोली बंद पडेपर्यंत तो भाव राहीन. मंग वाढन. … हेच करतात न मोठ्या कंपन्या बी."

पलीकडे आता सरिताचा आवाज बदलला होता. ती हळू, समजुतीने बोलत होती, आजारी माणसाशी बोलावं तशी. प्रतिक्षा ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"काय म्हणली? … परत सांग. … माहं मशीन तुम्ही घेता?"

"भाव वाढले, माहीत आहे मले. … हो, चिप महाग झाली. आधी कसं, डबा जुना होत गेला का भाव उतरे. आता उलटंच होऊन राहिलं, वर्षभराचा डबा बी नव्यानं घ्याले गेलं तं जास्तच पडते. … माहीत आहे न. म्हणून तं तुम्हाले पायजे. … घेतल्या भावानं. … माह्यासाठी म्हणून. … अच्छा. उपकार करून राहिली व तू माह्यावर?"

"नाही, रडत नाही मी. सर्दी आहे."

दारात चपला वाजल्या. पोरींची वेळ झाली होती. उर्वशी आणि तिच्यामागे आणखी दोघीतिघी, दप्तरं पाठीला, शाळेतून थेट. प्रतिक्षाने हाताने त्यांना आत बोलावलं, टीव्हीचं बटण दाबून दिलं. तोच तो गाड्यांच्या शर्यतीचा खेळ सुरू झाला. पोरी त्यालाही टाळ्या पिटत बसल्या. ती फोन घेऊन ओसरीवर आली.

"हं, आहे मी. बोल. … नाही. भाऊजीले फोन देऊ नोको. … नाही म्हणते न! मले त्यायच्याशी काहीच बोलाचं नाही. त्यायनं धंदा केला. दुकानदार आहे, करन. … तू बोल. एकच गोष्ट सांग मले, न मंग ठेव फोन."

तिच्या आवाजात आता चढ नव्हता. तो अगदी साधा झाला होता.

"त्या दिवशी दुकानात… 'घेऊन टाक' म्हणली न तू… तेव्हा तुले माहीत होतं का?"

समोरच्या रस्त्यावरून धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर गेला. 'नाही' म्हण, असं प्रतिक्षा मनातून सांगत होती. खोटं का असेना, 'नाही' म्हण, मी मानीन.

"हॅलो? … ऐकू नाही आलं. … ट्रॅक्टर होता. जोरानं बोल."

"…तू?"

"भाऊजीनं नाही? … तूच सांगतलं भाऊजीले? … डिस्का घेऊन घे म्हणून. … न तो डबा दे म्हणून."

विनोदचं नाव इतका वेळ ती ढालीसारखं पुढे धरून होती. ते आता हातातून गळून पडलं, आणि ते पाडलं सरितानेच. पलीकडे सरिता रडत होती. रडत रडत बोलत होती, थांबत नव्हती. वर्षभर दाबून ठेवलेलं बाहेर येत असावं.

"हो. … हो. … दुकान नवऱ्याचं. … घर सासूचं. … सकाळपासून चहा न डबे न पाहुणे. … तुहं काहीच नाही. … बरं. … मी सांगाची तुले फोनवर, आज पोरी आल्या, आज असं झालं, तसं झालं… तुह्या जिवाले लागे. … नाही माहीत व मले. तू कधी बोलली नाही."

"सुरुवात आपण दोघींनी केली होती, खरं आहे. नाही कुठं म्हणते मी. … मंग मागायची होती न सरे! अर्धं मागायचं होतं. मशीन घेऊन जाते म्हणायचं. डिस्का घेऊन जाते म्हणायचं. मी पोचवून दिल्या असत्या बसनं. … खरंच दिल्या असत्या. तुले बी माहीत आहे ते."

ते सरितालाही माहीत होतं. म्हणूनच तिचं रडणं आणखी वाढलं. प्रतिक्षाच्या मनात एकदा आलं की म्हणावं, जाऊ दे व, रडू नको. शाळेपासूनची सवय ती. सरिता रडली की प्रतिक्षानेच डोळे पुसायचे. तोंडापर्यंत आलेलं तिने गिळलं.

मग सरिताने नाक ओढलं आणि एक नवीनच गोष्ट काढली.

"हं? … मी? … तिथं?"

"तुम्हाले मशीनीचं काही समजत नाही, मले समजते. … म्हणून मी यावं. … रोज बसनं. … पगार देणार. … भाऊजी तयार आहे. … आपण दोघी पुन्हा एकत्र."

ती प्रत्येक तुकडा हळूहळू, पारखून घेतल्यासारखा पुन्हा उच्चारत होती. सरिताला हे मनापासून चांगलं वाटत होतं, हेच सगळ्यात वाईट होतं. तिच्या मते तिने सगळं सरळ करून दिलं होतं. मशीन विकत घेतलं, मैत्रिणीला कामाला लावलं, झालं. सानगडीची खोली तिच्या हिशेबात आधीच बंद होऊन कुलूपही लागलेलं होतं.

आत पोरी ओरडल्या. उर्वशीची गाडी पहिली आली असावी. ती धावत दारापर्यंत आली, प्रतिक्षाचा चेहरा पाहून तशीच थबकली आणि आत वळली.

"नाही. … नाही, विचार नाही करत. … विकत नाही मशीन. बिनडिस्कचं का असेना, माहं आहे. ह्या पोरी येतात तोवर चालवीन. बंद पडन तेव्हा मीच बंद करीन. … डिस्का राहू द्या. … नाही, नको. परत पाठवू नका. आता त्या तुमच्याच."

पलीकडून सरिताने 'तुमच्याच' हा शब्द परत विचारला. तिला ऐकू आलं होतं ते.

"हो, 'तुम्ही'च म्हटलं. … कायले म्हणजे? साकोलीच्या दुकानदारीणबाईले 'तू' कसं म्हणू? … नाही जी, टोमणा नाही. … नाही, मस्करी बी नाही करून राहिली. …"

सरिता काकुळतीला आली होती. असं नको बोलू व, हवं तर शिव्या दे, असं ती म्हणत होती. प्रतिक्षाकडे शिव्या पुष्कळ होत्या. दुपारपासून तिने त्या मनात घोळवल्या होत्या, आणि सगळ्या 'तू' लावूनच द्यायच्या होत्या. परक्या माणसाला त्या देता येत नाहीत.

"पोरी आल्या आहेत, मले आत जाणं आहे. … हो, सांगीन आईले. … बरं, ठेवते मी."

"जय भीम, सरिताबाई."